लढाऊ विमानांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचे नियोजन : किंमत, काळ आणि नियंत्रण

२७ सप्टेंबर २००२ रोजी पुण्याजवळच्या लोहगाव हवाई तळावर सुखोई-३० एमकेआय हे लढाऊ विमान भारतीय हवाई दलात औपचारिकरीत्या दाखल झाले. या विमानाचा सांगाडा, इंजिने आणि रडार रशियन होते. वैमानिकासमोरील दर्शक यंत्रणा आणि इतर काही उपकरणे फ्रान्स व इस्रायलकडून घेण्यात आली होती. या सर्वांकडून येणारी माहिती एकत्र करणाऱ्या मोहीम-संगणकाचा विकास मात्र बेंगळुरू येथे, संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या ‘वेट्रिवेल’ प्रकल्पात झाला.

अशा विमानाला कोणत्या देशाचे म्हणावे, हा प्रश्न सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात एका शब्दात सुटतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. दहा वर्षांनी या विमानावर एखादे नवे क्षेपणास्त्र बसवायचे ठरले, तर त्यासाठी परवानगी कोणाकडे मागावी लागेल आणि त्याचे देयक कोण पाठवील? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे सैनिकी विमानांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या नियोजनाचा विचार केला आहे. संरक्षण उत्पादन, विज्ञान-तंत्रज्ञान आणि सार्वजनिक वित्त या तिन्ही घटकांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना हा विषय एकाच वेळी भेटतो. बहुतेक वेळा मात्र तो केवळ नावांची यादी म्हणून पाठ केला जातो.

एव्हिऑनिक्सचे स्वरूप

विमानात बसविलेल्या सर्व इलेक्ट्रॉनिक यंत्रणांना मिळून एव्हिऑनिक्स म्हणतात. शत्रूचा वेध घेणारे रडार, दिशादर्शन यंत्रणा, रेडिओ संपर्क, आपले विमान कोणते व परके कोणते हे ओळखणारी यंत्रणा, शत्रूच्या रडारची चाहूल लागताच इशारा देणारा ग्राहक, त्या रडारला चकविणारा जॅमर, शस्त्रे सोडण्याचे नियंत्रण आणि वैमानिकासमोरील पटल या सर्वांचा त्यात समावेश होतो. त्यांच्या मध्यभागी मोहीम-संगणक असतो. विमान हवेत स्थिर ठेवणारा उड्डाण-नियंत्रण संगणक ही याहून वेगळी आणि अधिक नाजूक बाब आहे. तेजससारखे विमान वायुगतिकीच्या दृष्टीने मुद्दामच अस्थिर रचलेले असते. संगणकाने क्षणोक्षणी सावरले नाही, तर कोणताही वैमानिक ते उडवू शकणार नाही.

या यंत्रणांचे महत्त्व किती वाढले आहे, याची कल्पना अमेरिकेत नेहमी उद्धृत होणाऱ्या एका आकडेवारीवरून येते. १९६० च्या एफ-४ विमानात वैमानिकाच्या कामांपैकी सुमारे ८ टक्के कामे सॉफ्टवेअरवर अवलंबून होती. १९८२ च्या एफ-१६ मध्ये हे प्रमाण ४५ टक्के झाले, आणि २००० च्या सुमारास एफ-२२ मध्ये ८० टक्क्यांवर पोहोचले. आधुनिक लढाऊ विमानाच्या किमतीत इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा वाटा सामान्यतः एक-तृतीयांश किंवा त्याहून अधिक मानला जातो. तथापि खरेदीच्या वेळचा वाटा हा या विषयातील सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे. खरा खर्च पुढे येतो.

दोन आयुर्मानांचा पेच

लढाऊ विमानाचा सांगाडा तीस ते चाळीस वर्षे सेवेत राहतो, कधी त्याहूनही अधिक. भारतात मिग-२१ विमाने १९६३ मध्ये आली आणि त्यांची शेवटची तुकडी २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निवृत्त झाली. अर्थात सहा दशके तेच विमान उडत नव्हते, नव्या आवृत्त्या येत गेल्या. शेवटपर्यंत उडालेल्या ‘बायसन’ विमानांचे आयुष्य वाढले, त्याला इलेक्ट्रॉनिकीतील बदल मुख्यतः कारण होते. १९९६ च्या करारानुसार १२५ विमानांवर नवे रडार, नवी दर्शक यंत्रणा आणि नवी क्षेपणास्त्रे बसविण्याचे ठरले होते.

सांगाड्याच्या या दीर्घायुष्यासमोर संगणकातील चिपचे आयुष्य ठेवून पाहावे. बाजारात आलेला प्रोसेसर काही वर्षांतच मागे पडतो आणि कारखाना त्याचे उत्पादन थांबवितो. शीतयुद्धाच्या सुरुवातीच्या काळात संरक्षण खाते हे इलेक्ट्रॉनिक उद्योगाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते, त्यामुळे उद्योग त्याच्या वेळापत्रकाने चालत असे. ती परिस्थिती आता उरलेली नाही. भ्रमणध्वनी आणि घरगुती संगणक यांच्या बाजारपेठेपुढे शे-दोनशे विमानांची मागणी ही नगण्य ठरते. १९९४ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी शक्य तेथे लष्करी मानकांऐवजी व्यापारी मानके वापरण्याचे धोरण जाहीर केले, ते याच वास्तवाची कबुली देणारे होते.

परिणामी विमानाची रचना, चाचणी आणि प्रमाणन यांत दहा-पंधरा वर्षे गेली, तर पहिले विमान तुकडीत दाखल होण्याआधीच त्यातील काही सुटे भाग बाजारातून नाहीसे झालेले असतात. मग तीन मार्ग उरतात. उत्पादन बंद होण्यापूर्वी विमानाच्या संपूर्ण आयुष्याला पुरेल इतका साठा एकदम घेऊन ठेवणे हा पहिला मार्ग. त्यात भांडवल अडकते आणि साठ्याचा अंदाज बहुधा चुकतो. त्याच आकाराची, त्याच जोडणीची आणि तेच काम करणारी नवी वस्तू बनवून घेणे हा दुसरा. हे दोन्ही जमले नाही तर संपूर्ण यंत्रणाच नव्याने रचावी लागते, आणि मग सॉफ्टवेअरच्या चाचण्याही पुन्हा कराव्या लागतात.

संपन्न देशांनाही हा पेच सुटलेला नाही. अमेरिकेच्या एफ-३५ विमानासाठी नवा मुख्य प्रोसेसर, अधिक स्मृतिक्षमता आणि नवे पटल यांचा संच तयार करण्यात आला. विमाने कारखान्यातून बाहेर पडत होती, परंतु त्या संचावरील सॉफ्टवेअर पुरेसे सिद्ध झाले नव्हते. त्यामुळे जुलै २०२३ पासून सुमारे वर्षभर अमेरिकी संरक्षण खात्याने नव्या विमानांचा ताबाच घेतला नाही. उड्डाण करू शकणारी नवीकोरी विमाने कारखान्याच्या आवारात उभी होती. याचा व्यावहारिक अर्थ असा की, यंत्रणांच्या नियोजनात सॉफ्टवेअरचे वेळापत्रक हेच विमानाचे वेळापत्रक असते.

जोडणीचे अर्थशास्त्र

प्रत्येक उपकरण प्रत्येक दुसऱ्या उपकरणाशी स्वतंत्र तारेने जोडायचे ठरविले, तर १० उपकरणांसाठी ४५ जोडण्या लागतात आणि ३१ उपकरणांसाठी ४६५. प्रत्येक जोडणीला वजन असते, किंमत असते आणि बिघडण्याची शक्यता असते. यावर उपाय म्हणून अमेरिकेत १९७३ मध्ये एक मानक आले. त्याची १९७८ ची सुधारित आवृत्ती मिल-एसटीडी-१५५३बी या नावाने ओळखली जाते. त्यात सर्व उपकरणे एकाच सामाईक वाहिनीवर, म्हणजे डेटा बसवर, जोडली जातात. एक नियंत्रक आणि जास्तीत जास्त ३१ उपकरणे, सेकंदाला दहा लाख बिट, असे तिचे स्वरूप आहे. आजच्या घरगुती इंटरनेटपुढे हा वेग अगदीच किरकोळ वाटेल. पण तिची विश्वासार्हता अशी की चार दशकांनंतरही ती विमानांत टिकून आहे.

या मानकाचा तांत्रिक लाभ सर्वश्रुत आहे. आर्थिक लाभाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. जोडणीचे नियम जाहीर आणि समान असतील, तर एका देशाचे रडार दुसऱ्या देशाच्या संगणकाशी बोलू शकते आणि खरेदीदाराला प्रत्येक उपकरणासाठी वेगळा पुरवठादार निवडता येतो. नियम गुप्त असतील, तर पहिल्या खरेदीत स्पर्धा असते, पण त्यानंतरच्या प्रत्येक बदलात मक्तेदारी. विक्रेत्याला विमान स्वस्त विकून पुढील तीस वर्षांच्या सुधारणांत वसुली करता येते. अर्थशास्त्रात याला करारोत्तर अडवणूक म्हणता येईल. एकदा विशिष्ट मालमत्तेत गुंतवणूक झाली की खरेदीदाराची सौदाशक्ती घटते.

भारताचा या बाबतीतील पहिला महत्त्वाचा अनुभव जग्वार विमानाचा आहे. १९७८ मध्ये हे ब्रिटिश-फ्रेंच विमान निवडले गेले आणि पुढच्या वर्षी ते येऊ लागले. त्याची मूळ दिशादर्शन व हल्ला यंत्रणा हवाई दलाच्या अपेक्षांना उतरली नाही. तेव्हा उत्पादकाकडेच नवी यंत्रणा मागण्याऐवजी वेगळा निर्णय घेण्यात आला. दिशादर्शन यंत्रणा फ्रान्सकडून, वैमानिकाच्या दृष्टीसमोर माहिती उमटविणारे पटल आणि नकाशा-दर्शक ब्रिटनमधून घ्यावयाचे आणि १५५३बी वाहिनीवर त्यांची सांगड भारतातच घालावयाची, असे ठरले. त्यासाठी बेंगळुरूत हवाई दल, हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि संरक्षण संशोधन संस्था यांतील माणसांची एक छोटी संयुक्त संघटना उभारली गेली. या यंत्रणेला ‘डॅरिन’ असे नाव मिळाले.

येथे एक बाब नीट ध्यानात घ्यावयास हवी. ‘डॅरिन’मधील प्रमुख उपकरणे जवळजवळ सर्व परदेशी होती. आजच्या मोजपट्टीने तिचे स्वदेशीकरण अल्प भरेल. परंतु सांगड घालण्याचे ज्ञान, आणि त्यामुळे पुढे बदल करण्याचा अधिकार, भारतात राहिला. त्याचे फळ पुढील चाळीस वर्षे मिळत गेले. पुढे ‘डॅरिन-२’ आली. ‘डॅरिन-३’ यंत्रणेसह पहिले विमान नोव्हेंबर २०१२ मध्ये उडाले, तिला २०१६ मध्ये प्रारंभिक मान्यता मिळाली आणि २०१७ मध्ये त्याच विमानावर आधुनिक इलेक्ट्रॉनिक शलाकेचे रडारही उडविण्यात आले. मूळ जग्वारला रडारच नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या टप्प्याचे महत्त्व कळते. याउलट त्याच विमानाला नवे, अधिक शक्तिशाली इंजिन बसविण्याची योजना वाढलेल्या खर्चामुळे २०१९ मध्ये सोडून द्यावी लागली. म्हणजे मेंदू नवा, पण हृदय जुनेच. सांगड घालण्याची क्षमता जेथे स्वतःकडे होती तेथे सुधारणा झाली आणि जेथे नव्हती तेथे परदेशी पुरवठादाराची किंमत निर्णायक ठरली, असा निष्कर्ष काढणे अगदीच वावगे होणार नाही.

राखीव जागेची किंमत

विमानात चार गोष्टी नेहमी अपुऱ्या पडतात : जागा, वजन, वीज आणि उष्णता बाहेर टाकण्याची सोय. पाचवी गोष्ट म्हणजे संगणकाची राखीव क्षमता. या पाचही बाबतींत आरंभीच काही राखून ठेवायचे की नाही, हा निर्णय नियोजकाला पुढील गरजा ठाऊक नसतानाच घ्यावा लागतो.

तेजसच्या उदाहरणाने हे स्पष्ट होते. हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला, हवाई दलाने आपल्या अपेक्षा १९८५ मध्ये निश्चित केल्या आणि पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. डिसेंबर २०१३ मध्ये जी प्रारंभिक मान्यता मिळाली, तिची तपासणी करताना भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात ५३ उणिवांची नोंद केली. त्यांपैकी २० बाबतींत कायमची सूट द्यावी लागली होती आणि ३३ बाबतींत तात्पुरती. या यादीत एक उणीव आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. विमानाच्या आत स्वसंरक्षणाचा जॅमर बसविता आला नाही, कारण त्याला जागा उरली नव्हती.

जॅमर बनविण्याचे ज्ञान नव्हते असे नाही. विमान लहान आणि हलके ठेवायचे, हा मूळ निर्णय होता, आणि इलेक्ट्रॉनिक युद्धाची गरज मात्र दशकागणिक वाढत गेली. यावर पुढे तेजस एमके-१ए या आवृत्तीत तोडगा काढण्यात आला, तो जॅमर पंखाखाली बाहेर टांगण्याचा. त्यामुळे शस्त्रे किंवा इंधन टांगण्याची एक जागा अडते आणि हवेचा विरोधही वाढतो. आरंभी न ठेवलेल्या जागेची किंमत अशा रीतीने प्रत्येक उड्डाणात चुकती होत राहते.

राखीव क्षमतेचा निर्णय आकडेवारीत कसा मांडता येईल, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, ८० विमानांसाठी संगणक घ्यावयाचा आहे आणि त्याची किंमत प्रत्येकी २ कोटी रुपये आहे. वाढीव क्षमता हवी असल्यास किंमत २५ टक्क्यांनी, म्हणजे ५० लाखांनी, वाढते. एकूण जादा खर्च ४० कोटी रुपये. ही क्षमता आज घेतली नाही आणि बाराव्या वर्षी गरज पडली, तर नव्या रचनेचा व चाचण्यांचा खर्च १५० कोटी रुपये येईल असे धरू. सवलतीचा दर ८ टक्के घेतल्यास बारा वर्षांनंतरच्या १५० कोटींचे आजचे मूल्य सुमारे ५९.६ कोटी रुपये होते. म्हणजे गरज पडणार हे नक्की असेल, तर आज ४० कोटी खर्च करणे उघडच फायद्याचे. गरज पडण्याची संभाव्यता सुमारे ६७ टक्क्यांहून अधिक असेल, तरीही ते फायद्याचे. त्याहून कमी असेल, तर मात्र केवळ या हिशेबाने तो खर्च समर्थनीय ठरत नाही.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या बाबतीत बारा वर्षांत अधिक क्षमतेची गरज पडण्याची संभाव्यता दोन-तृतीयांशाहून कितीतरी अधिक असते, हे वरील सर्व उदाहरणांवरून दिसते. शिवाय या हिशेबात नवी यंत्रणा तयार होईपर्यंत विमाने अपुऱ्या क्षमतेने उडतील त्याची किंमत धरलेलीच नाही. वित्तशास्त्रात ज्याला विकल्प-मूल्य म्हणतात, ते नेमके हेच. राखीव जागा हा वाया गेलेला खर्च नसून भविष्यात निर्णय घेण्याच्या अधिकाराचा हप्ता आहे. परंतु लेखापरीक्षणाच्या रूढ पद्धतीत न वापरलेली क्षमता ही अपव्यय म्हणून नोंदली जाण्याची भीती असते आणि अधिकारी वर्ग स्वाभाविकपणे सावध राहतो.

खरेदीच्या नियमांचाही येथे संबंध येतो. सर्वांत कमी बोली लावणाऱ्याची निवड, हे आपल्या सार्वजनिक खरेदीचे जुने तत्त्व. ते आरंभीच्या किमतीवर आधारलेले आहे. २००७ मध्ये १२६ लढाऊ विमानांसाठी निविदा काढताना प्रथमच संपूर्ण आयुष्यातील खर्चाचा निकष लावण्यात आला. पाऊल योग्य दिशेने होते. २०१२ मध्ये त्या आधारे राफेलची निवडही झाली. परंतु वाटाघाटी पूर्ण होऊ शकल्या नाहीत, २०१५ मध्ये ही प्रक्रिया मागे घेतली गेली आणि २०१६ मध्ये ३६ विमानांचा थेट शासकीय पातळीवरील करार झाला. या अनुभवावरून आयुष्यभराच्या खर्चाचा निकषच अव्यवहार्य ठरविणे चुकीचे होईल. मात्र तीस वर्षांपुढील खर्चाचे आकडे विक्रेत्याकडूनच मागवून त्यांवर बोली ठरविणे किती कठीण असते, हे त्यातून दिसले.

स्वदेशी वाट्याची टक्केवारी

परीक्षार्थींना स्वदेशी सामग्रीच्या टक्केवारीचे आकडे पाठ असतात. ते असावेतही. २०१५ च्या लेखापरीक्षण अहवालानुसार तेजसमध्ये ७० टक्क्यांचा अंदाज असताना प्रत्यक्षात सुमारे ३५ टक्के स्वदेशी वाटा होता. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने ८३ तेजस विमानांच्या सुमारे ४५,६९६ कोटी रुपयांच्या खरेदीस मंजुरी दिली, तेव्हा हा वाटा ५० टक्के असून तो ६० टक्क्यांपर्यंत नेण्यात येईल, असे जाहीर करण्यात आले. २५ सप्टेंबर २०२५ रोजी आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटी रुपयांहून अधिक रकमेचा करार झाला, त्यात ६४ टक्क्यांहून अधिक वाटा अपेक्षित आहे. डिसेंबर २०२४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडून मागविलेल्या १२ सुखोई विमानांत हे प्रमाण ६२.६ टक्के धरले आहे.

शेवटच्या दोन आकड्यांची तुलना करून पाहावी. सुखोई हे परवान्याखाली नाशिकजवळ ओझर येथे बांधले जाणारे रशियन रचनेचे विमान, तर तेजस भारतीय रचनेचे. टक्केवारी मात्र जवळजवळ सारखी! याचे कारण असे की टक्केवारी किमतीची असते. देशात ओतलेले, कापलेले, जुळविलेले सर्व काही त्यात मोजले जाते. रचना बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे त्यात मोजले जात नाही. एखाद्या विमानात नव्वद टक्के सामग्री स्वदेशी असून मोहीम-संगणकाचे सॉफ्टवेअर बंद पेटीत परदेशातून येत असेल, तर नियंत्रण बाहेरच राहते. ‘डॅरिन’चा अनुभव याच्या अगदी उलट आहे.

आकडे वाचताना आणखी एक सावधगिरी हवी. डिसेंबर २०२१ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ८३ तेजस विमानांसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे वीस प्रकारच्या यंत्रणांची सुमारे २,४०० कोटी रुपयांची मागणी नोंदविली. उड्डाण-नियंत्रण संगणक आणि धावपट्टीशेजारीच काढून बदलता येणारे अनेक सुटे संच त्यात होते. ही रक्कम एकूण मंजूर खर्चाच्या सुमारे ५ टक्के भरते. यावरून तेजसच्या किमतीत इलेक्ट्रॉनिकीचा वाटा पाच टक्के, असे उत्तर कोणी लिहिले तर ते चुकेल. रडार आणि इतर अनेक यंत्रणा या मागणीबाहेर आहेत. किंबहुना या पाच टक्क्यांतील उड्डाण-नियंत्रण संगणकाशिवाय उरलेले पंचाण्णव टक्के जमिनीवरच राहतील.

नियंत्रण हातात नसण्याची किंमत भारताने १९९८ मध्ये अनुभवली. मे महिन्यातील पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले. त्या वेळी तेजसच्या उड्डाण-नियंत्रण यंत्रणेवर भारतीय अभियंते अमेरिकेतील एका कंपनीबरोबर काम करीत होते, त्यांना परत यावे लागले. उरलेले काम येथे पूर्ण करावे लागले, वेळ गेला, पण २००१ चे पहिले उड्डाण भारतीय चमूने लिहिलेल्या नियंत्रण-नियमांवर झाले. रडारच्या बाबतीत मात्र असे घडले नाही. १९९१ मध्ये सुरू झालेला बहुउपयोगी रडारचा प्रकल्प वेळेत परिपक्व झाला नाही आणि तेजसच्या आरंभीच्या विमानांसाठी इस्रायली रडारचा आधार घ्यावा लागला. ‘उत्तम’ हे स्वदेशी रडार त्यानंतरच्या पिढीत आले आणि २०२५ च्या करारातील विमानांसाठी ते ठरविण्यात आले आहे.

चाचणी, प्रमाणन आणि मनुष्यबळ

यंत्रणांच्या नियोजनातील सर्वांत दुर्लक्षित खर्च चाचणीचा असतो. सॉफ्टवेअरमधील एक ओळ बदलली, तरी तिचा इतर सर्व यंत्रणांवर काय परिणाम होतो, हे आधी जमिनीवरील सांगड-चाचणी मांडणीत आणि मग हवेत तपासावे लागते. ज्या सॉफ्टवेअरमधील दोषाने विमान कोसळू शकते, त्याला डीओ-१७८सी या आंतरराष्ट्रीय मानकात सर्वोच्च, म्हणजे ‘अ’ स्तर दिला जातो. त्या स्तरावर प्रत्येक निर्णयातील प्रत्येक अटीचा स्वतंत्र परिणाम चाचणीने दाखवून द्यावा लागतो. तेजस एमके-१ए साठीचा नवा स्वदेशी उड्डाण-नियंत्रण संगणक १९ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रथम उडविण्यात आला, तो याच स्तराच्या सॉफ्टवेअरसह. त्यात चार समांतर मार्ग आहेत. एखादा चुकला तर उरलेले त्याला बाजूला सारतात. भारतात सैनिकी विमानांच्या उड्डाणयोग्यतेचे प्रमाणन बेंगळुरू येथील ‘सेमिलॅक’ ही संस्था करते.

यातून नियोजनाचे एक साधे तत्त्व निघते. उड्डाण-नियंत्रण आणि मोहीम या दोन प्रकारचे सॉफ्टवेअर आरंभापासूनच काटेकोरपणे वेगळे ठेवावे. शस्त्र वा रडार बदलले म्हणून विमान सावरणारा संगणक पुन्हा तपासावा लागू नये. हे वेगळेपण रचनेच्या पहिल्या वर्षी जवळजवळ फुकट मिळते, पंधराव्या वर्षी ते कोणत्याही किमतीला मिळत नाही.

मनुष्यबळाचा मुद्दा थोडक्यात सांगता येईल, परंतु तो लहान नाही. सांगड घालण्याचे ज्ञान कागदांत कमी आणि माणसांत जास्त असते. जग्वारवर काम केलेल्या छोट्या गटातूनच पुढे हवाई दलाची स्वतःची सॉफ्टवेअर विकास क्षमता वाढली. दोन प्रकल्पांमध्ये दहा वर्षांचा खंड पडला, तर असा गट विखुरतो आणि ते ज्ञान पुन्हा पैसे देऊन विकत घ्यावे लागते. एका प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात हा खर्च कधीच दिसत नाही, कारण तो पुढच्या प्रकल्पावर पडतो.

तेजस एमके-१ए चे पहिले विमान २८ मार्च २०२४ रोजी बेंगळुरूत उडाले. पुरवठा त्याच सुमारास सुरू व्हावयाचा होता, तो लांबला. अमेरिकेतून येणाऱ्या इंजिनांचा उशीर हे त्याचे प्रमुख कारण होते. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिक येथील नव्या उत्पादन साखळीतील पहिल्या विमानानेही उड्डाण केले.

सुखोईपुढील निर्णय

३० नोव्हेंबर २०२३ रोजी संरक्षण खरेदी परिषदेने सुखोई-३० एमकेआय विमानांचे हिंदुस्थान एरोनॉटिक्समार्फत देशातच आधुनिकीकरण करण्याच्या प्रस्तावाची आवश्यकता मान्य केली. हवाई दलाने मागविलेल्या विमानांची एकूण संख्या २७२ होती. त्यामुळे या प्रस्तावाच्या नियोजनात वरील सर्व प्रश्न एकत्र उभे राहतात. इलेक्ट्रॉनिक शलाकेच्या रडारला पूर्वीच्या रडारपेक्षा अधिक वीज आणि अधिक थंडावा लागतो. तो रशियन सांगाड्यातून आणि रशियन इंजिनाच्या शक्तीतून मिळवावयाचा आहे. २००२ मध्ये लोहगावला आलेल्या विमानांचा मोहीम-संगणक भारतीय हातांनी घडला असल्यामुळे त्याच्या जागी नवा बसविताना त्याची रचना कोणाकडे मागावी लागणार नाही. रशियन रडार काढताना त्याच्याशी जोडलेल्या रशियन क्षेपणास्त्रांच्या जोडणीचे तपशील मात्र लागतील. ती क्षेपणास्त्रे चालू ठेवावयाची, की त्यांच्या जागी ‘अस्त्र’सारखी स्वदेशी क्षेपणास्त्रे पूर्णपणे आणावयाची, यावर आधुनिकीकरणाच्या खर्चाचा मोठा भाग अवलंबून राहील. संपूर्ण ताफा एकदम बदलावयाचा की टप्प्याटप्प्याने, याचाही निर्णय त्याबरोबरच घ्यावा लागेल. टप्पे पाडल्यास पहिल्या गटातील चुका दुसऱ्या गटात सुधारता येतात. मात्र तोपर्यंत एकाच ताफ्यात दोन प्रकारची विमाने, दोन प्रकारचे सुटे भाग आणि दोन प्रकारचे प्रशिक्षण सांभाळावे लागते.